खोगीरवाल्याची बंदूक

बंदुकीवर इतकं जीवापाड प्रेम करणारा आणि त्या बंदुकीनं आयुष्यभरात इतकं कमी काही फोडलेला माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा झाला नसेल. मिशिगनमधल्या ट्रॉय गावची मराठी मंडळी त्यांना 'भूलवाले काका' म्हणत. पेशानं ते भूलतज्ज्ञ. साठच्या दशकाच्या शेवटी एक सूटकेस आणि सातारी वळणाचं इंग्रजी घेऊन मिशिगनला आले, आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं लोकांना निजवण्याचं काम त्यांनी चोख केलं. माझा एक जिभेनं तिखट मित्र म्हणायचा, की काका हॉस्पिटलात औषधानं भूल देतात आणि हॉस्पिटलाबाहेर नुसत्या बोलण्यानं. हे बोलणं नेहमी एकाच विषयावर असायचं. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या बंदुकीनं फोडण्याच्या स्पर्धा व्हायच्या. त्या स्पर्धांतले विजेते कोण, ते कुठल्या गावचे, खांद्याला कुठली बंदूक लावायचे आणि ती का लावायचे, हा काकांचा विषय. माणसाला क्रिकेटचं वेड असतं, नाटकाचं असतं. काकांना हे होतं. का होतं, ते काकूंनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून ट्रॉयला आलो. मोटारींच्या सीट बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर म्हणून लागलो होतो. पहिल्याच दिवाळीला एका शाळेच्या हॉलमध्ये पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा असं जेवण. मी भाताची प्लेट घेऊन कोपरा शोधत असताना एका उंच, किडकिडीत, टक्कल पडलेल्या गृहस्थांनी माझं कोपर धरलं आणि विचारलं, "काय करतोस?"

"सीट डिझाइन करतो, काका. गाडीच्या."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे खोगीरच की रे! माणसाच्या बुडाखाली काय घालायचं, त्याचा विचार करणारा माणूस तू. ये, बस."

मग पाऊण तास माझा भात निवत राहिला आणि काका मला ओहायोतल्या एका खोगीर बनवणाऱ्या माणसाची गोष्ट सांगत राहिले. हा माणूस दिवसभर दुकानात बसून चामडं शिवायचा आणि रविवारी चकत्या फोडायचा. एकदा मोठ्या शहरातल्या स्पर्धेला गेला. तिथं बाकीचे सगळे श्रीमंत, त्यांच्या हातात दुनळी बंदुका, त्यांवर चांदीचे कुत्रे आणि तितर कोरलेले. ह्याच्याकडे साधी एकनळी, चाप ओढला की पडणारा घोडा बाहेरच दिसणारी, पुढची मूठ मागे ओढून काडतूस भरायची 'पंप' बंदूक. शेतकरी घुशी-ससे मारायला वापरतात तसली. लोक हसले. खोगीरवाल्यानं शंभरातल्या शंभर चकत्या फोडल्या, बक्षिसाचा कप पिशवीत टाकला आणि सोमवारी दुकान वेळेवर उघडलं.

"सोमवारी दुकान वेळेवर उघडलं!" काका पुन्हा म्हणाले. आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. मी घाईनं एक घास खाल्ला.

काकांच्या संगतीत राहिलं की ही विद्या अंगाला लागायचीच. सुरुवातीला लोक खरी कबुतरं सोडून त्यांच्यावर नेम धरत. पुढे पिसं भरलेले काचेचे गोळे उडवू लागले. गोळा फुटला की पिसं उधळायची आणि प्रेक्षकांना कबूतर मेल्याचं समाधान मिळायचं. मग कुणाला तरी मातीच्या चकतीची कल्पना सुचली. "मनुष्यजात सुधारते रे, पण हळूहळू," काका म्हणायचे. स्वतः ते डाससुद्धा मारत नसत. तळघरात उंदीर निघाला तेव्हा त्यांनी त्याला पिंजऱ्यात धरून गाडीनं चार मैलांवर सोडलं आणि परत येताना सिग्नल मोडल्याचं तिकीट घेऊन आले. चकती आकारानं अनारशाएवढी असते, हे ते प्रत्येक दिवाळीत अनारसा हातात धरून सांगत. एकदा एका बारशाला, चकती हवेत कशी गिरक्या घेत जाते हे नव्यानं आलेल्या जोडप्याला दाखवण्यासाठी त्यांनी ताटातली पुरी मनगटाच्या झटक्यानं सोडली. ती सुरेख गेली. अगदी सपाट, थोडी डावीकडे वळत गेली आणि श्रीखंडाच्या पातेल्यात उतरली.

"अँगल पाहिलास?" काका म्हणाले.

"मी पाहिला," काकू पातेल्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या. "आता तुम्ही कोट घाला आणि गाडीत जाऊन बसा."

ऑपरेशनच्या टेबलावर इतर भूलतज्ज्ञ पेशंटला दहापासून उलटं मोजायला सांगतात. काका पंचवीसपासून सांगत, कारण स्पर्धेच्या एका फेरीत पंचवीस चकत्या असतात. विसाच्या खाली कुणी पोचलं नाही, असं ते अभिमानानं सांगत. माणसांची वर्गवारीही ते बंदुकांवरून करत. बोलघेवडा माणूस म्हणजे दुनळी. दिसायला साधा पण कामाचा, तो पंप. मी लग्न करून बायकोला ट्रॉयला आणलं, तेव्हा काकांनी तिच्याशी पाच मिनिटं बोलून मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "एकनळी आहे. एकच शब्द बोलते, पण बरोबर लागतो." बायकोला मी हे पुष्कळ वर्षांनी सांगितलं. "बरं," ती म्हणाली.

आमच्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमाला काका दर वर्षी येत, पहिल्या रांगेत बसत, भाषणं मन लावून ऐकत. चहाच्या वेळी त्यांनी आमच्या एका पाहुण्या वक्त्याचं कोपर धरलं की मला धाव घ्यावी लागे.

त्यांच्या घरी तळघरात, बासमतीच्या पोत्यांच्या शेजारी, लोखंडी कपाट होतं. त्यात ती बंदूक होती. खोगीरवाल्याची. निदान काकांची तशी खात्री होती. ओहायोत एका जुन्या घराचं सामान विकायला काढलं होतं, तिथं त्यांना ती मिळाली. घोडा बाहेर, पंपाची मूठ वापरून गुळगुळीत झालेली, आणि दस्त्याच्या टोकाला चामड्याची हातशिवणीची गादी. खांद्याला धक्का कमी बसावा म्हणून. एका जुन्या शिकारी साप्ताहिकात खोगीरवाल्याचा फोटो होता, त्यात त्याच्या बंदुकीला नेमकी अशीच गादी दिसत होती. फोटो इतका धुरकट, की मला त्यात बंदूक शोधायलाच वेळ लागला. पण काका भिंग घेऊन टाके मोजत. "खोगीरवाल्याशिवाय असे टाके कोण घालणार?" ते म्हणत. काकूंचं म्हणणं, "कुणाच्याही बायकोनं घातले असतील." ह्या मुद्द्याचा विचार काकांनी कधी केला नाही.

रविवारी सकाळी ते ती बंदूक घेऊन उत्तरेकडच्या एका लहानशा क्लबात जात. एक पत्र्याची खोली, कॉफीचं भांडं, समोर मोकळं गवत. गवतात अर्धं जमिनीत पुरलेलं एक ठेंगणं घर, ज्याच्यातल्या यंत्रातून चकत्या सुटायच्या. यंत्राचं बटण वॉल्ट नावाचा मोटारकारखान्यातून रिटायर झालेला आडदांड म्हातारा दाबायचा. चकती सोडायची खूण म्हणून बाकीचे नेमबाज 'पुल', म्हणजे 'ओढ', असं ओरडत. काका 'सोड' म्हणून ओरडत. पहिल्या दिवशी वॉल्टला काहीच कळलं नाही आणि काका बंदूक खांद्याला लावून दोन मिनिटं तसेच उभे राहिले. नंतर वॉल्टला सवय झाली. पंचवीसातल्या सोळा-सतरा फुटल्या की काका खूश. वीस त्यांनी एकदाच फोडल्या होत्या, आणि ते पुरावा म्हणून काकूंना रिकामी काडतुसं दाखवायला घेऊन आले होते.

मला बंदुकीचं आकर्षण कधीच नव्हतं. आवाज झाला की अजूनही माझे डोळे मिटतात. पण मी जायचो. कॉफी प्यायची, काकांच्या मागे उभं राहायचं, चकती फुटली की काळ्या धुळीचा ढग हवेत तरंगताना बघायचा. घर सोडून इतक्या लांब आलेल्या माणसाला रविवारी कुणीतरी न्यायला येणं, हीच मोठी गोष्ट असते.

मग एका वसंतात काकांचा नेम बिघडला. सोळाचे अकरा झाले, अकराचे सात. काकांनी आधी वाऱ्याला दोष दिला, मग चकत्यांच्या नव्या रंगाला, मग मला. "तू मागे उभा राहून श्वास फार जोरात घेतोस." मी खोलीत जाऊन बसलो. त्या फेरीत चार फुटल्या.

काकूंनी मला फोन केला. "हे कपाच्या बाजूला चहा ओततात रे. आणि मला सांगतात कप हलला. डॉक्टर माणूस आहे, त्याला मी काय सांगणार? तू बोलून बघ."

मी बोललो नाही. पण पुढच्या रविवारी हायवेवर काकांनी एक्झिट चुकवला, मग पुढचाही चुकवला, आणि गाडी बाजूला घेऊन थांबवली. इंजिन बंद केलं. म्हणाले, "उजव्या डोळ्यानं मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड नाही."

"कधीपासून, काका?"

"ऑक्टोबरपासून." मग म्हणाले, "डावाही जाईल. मी वाचलंय सगळं. ह्याला औषध नाही. तू चालव आता."

आम्ही जागा बदलल्या. त्यांनी बंदूक मागच्या सीटवर नीट सरकवली आणि दुसऱ्याच आठवड्यात ऑपरेशन थिएटरचं काम सोडलं. क्लबही सोडला. रविवारी ते घरात बसू लागले, आणि बोलेनासे झाले. भूलवाले काका गप्प बसतात ही बातमी ट्रॉयमध्ये दोन दिवसांत पसरली. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांना बघून रस्ता बदलला होता, ते लोक फोन करून मुद्दाम खोगीरवाल्याची चौकशी करू लागले. काका 'बरं आहे' म्हणत आणि फोन काकूंना देत.

त्याच सुमाराला ओहायोहून एक पत्र आलं. काकांनी दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका गावच्या वाचनालयाला लिहिलं होतं. खोगीरवाल्याची मुलगी अजून हयात आहे, नव्वदी ओलांडली आहे, स्वतःच्या घरात राहते आणि माणसं भेटायला आली तर तिला आवडतं, असं तिथल्या बाईंनी कळवलं होतं. मी ते पत्र काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी ते तीनदा वाचायला लावलं.

"बंदूक तिची आहे," ते शेवटी म्हणाले. "तिला देऊन टाकू. मला आता काय उपयोग?"

असे आम्ही तिघं निघालो. मी गाडी चालवायला, काकू डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन मागे, आणि काका सूट-टाय घालून माझ्या शेजारी. बंदूक डिकीत, काकूंच्या जुन्या शालीत गुंडाळलेली. काका त्या दिवशी पुन्हा बोलू लागले. ओहायोच्या हद्दीवरचं टोलेडो येईपर्यंत खोगीरवाल्याचा कप दोनदा जिंकून झाला.

म्हातारीचं घर पांढरं, लहान, स्वयंपाकघरात ऊन आलेलं. ती स्वतः चिमुकली होती, पण आवाज खणखणीत. काकांनी टेबलावरची शाल उलगडली. ती पुढे वाकली, एक बोट दस्त्यावरून फिरवलं, चामड्याच्या गादीपाशी थांबली. मग सरळ बसली.

"ही पपांची नाही," ती म्हणाली.

काका हसले. "मॅडम, पुष्कळ वर्षं झाली. पण फोटोत—"

"पपांच्या गादीचे टाके मी घातले होते. मी नऊ वर्षांची होते. मला हट्टच होता. पपांनी चामडं कापून दिलं आणि मी शिवलं. माझे टाके वाकडे होते, डॉक्टर. सगळे लोक पपांना हसायचे, खोगीर शिवतो आणि स्वतःच्या बंदुकीला असली शिवण! त्यांनी ती कधी बदलली नाही." तिनं पुन्हा बोट ठेवलं. "हे टाके किती सुंदर आहेत बघा. सगळे सरळ."

"गादी नंतर कुणी बदलली असेल," काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"आणि घोड्याच्या मागचा टवका? माझ्या भावानं ती गाडीतून पाडली होती. तोही भरून आला का?"

काकांनी घोड्याच्या मागे अंगठा फिरवून पाहिला.

"माझ्या बापाची बंदूक मला ओळखता येत नाही, असं तुम्हाला म्हणायचंय?"

"नाही, मॅडम," काका म्हणाले.

काकूंनी डबा उघडला. खिचडीचा वास स्वयंपाकघरात पसरला. म्हातारीनं चमचाभर चाखली, मग वाटीभर मागितली. खाता खाता तीच पुढे बोलू लागली. खोगीरवाल्यानं तो कप जिंकल्यावर चारच वर्षांत नेमबाजी सोडली होती. बंदूक खांद्याला लावली की त्याचं बोट गोठायचं. चकती समोरून निघून जायची आणि चाप ओढला जायचा नाही. पुष्कळ नेमबाजांचं असं होतं म्हणे, आणि एकदा झालं की जात नाही. बंदूक त्यानं आपल्या धाकट्या भावाला दिली. भाऊ पश्चिमेला गेला, तिथंच वारला, पुढचं कुणाला ठाऊक नाही.

"मग तुमचे पपा काय करायचे?" काकूंनी विचारलं. काकांना विचारवत नव्हतं.

"पहिली दोन वर्षं चिडचिड करायचे. आईवर, माझ्यावर, घोड्यावर. रविवार आला की घरात कुणी मोठ्यानं हसायचं नाही. मग एका रविवारी आईनं त्यांच्या हातात डबा दिला आणि सांगितलं, जा, नुसते बघून या. गेले. दोऱ्या ओढून चकत्या सोडायला तिथं माणूस नव्हता, ते बसले ओढायला. पुढे वीसेक वर्षं ओढत होते."

"आनंदात होते?" काकांनी विचारलं.

म्हातारीनं विचार केला. "तितके आनंदात नव्हते. पण घरी येऊन जेवायचे नीट."

बंदूक घ्यायला ती तयार झाली नाही. परतताना टोलेडो गेलं, मिशिगनची हद्द आली, काका टायशी चाळा करत होते. काकू मागून म्हणाल्या, "अहो, चुकलं तर चुकलं. इतकं काय त्यात?"

"सरळ होते गं," काका म्हणाले. "इतकी वर्षं मी ते टाके भिंगातून बघत होतो. म्हणत होतो, वा, काय सरळ टाके! आणि तिथंच चुकत होतो." आणि ते हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे हलवून. मी गाडी हळू केली. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि टायच्या टोकानं डोळे पुसले. मग बराच वेळ पुसतच राहिले. काकूंनी मागून हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "येतोस ना? मला ड्राइव्ह करता येत नाही आता."

क्लबात ते सरळ वॉल्टकडे गेले. वॉल्टचे गुडघे संपले होते, उभं राहून बटण दाबणं त्याला जड जात होतं. काका म्हणाले, "बटण दाबायला डोळे लागत नाहीत. कान लागतात. माझे शाबूत आहेत." वॉल्टनं त्यांच्याकडे एकदा बघितलं, उठला आणि खुर्ची दिली.

पुढची चार वर्षं काका बटणावर होते. नेमबाजाच्या तोंडून हाक निघते न निघते तोच चकती हवेत. तीस वर्षं लोकांचा श्वास ऐकलेला माणूस तो. कोण घाबरलाय, कोण घाई करतोय, हे त्यांना पाठीमागून कळायचं. नवीन कुणी आलं की फेरीनंतर त्याचं कोपर धरून खोगीरवाल्याची गोष्ट सांगायचे, फक्त आता ती गोष्ट कपापाशी संपायची नाही. दर महिन्याला म्हातारीला फोन करायचे. काकूंच्या खिचडीची कृती तिनं लिहून घेतली होती, पण तिथं साबुदाणा मिळत नसे, म्हणून काकू तो पोस्टानं पाठवायच्या. ती गेली तेव्हा आम्ही तिघं पुन्हा ओहायोला गेलो. तिच्या भाचीनं काकांची सगळ्यांना ओळख करून देताना 'आजोबांच्या दोस्तीतले डॉक्टर' असं सांगितलं. काकांनी ते दुरुस्त केलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या मुलीनं दोघांना दूर पश्चिम किनाऱ्याकडच्या बेलव्ह्यूला बोलावून घेतलं. डावा डोळाही आता मधोमध पुसला गेला होता. घर विकलं गेलं, तळघरातलं कपाट रिकामं झालं, बंदूक काकांनी वॉल्टला देऊन टाकली. शेवटच्या रविवारी आम्ही क्लबात गेलो. काकूही आल्या, पहिल्यांदाच. पायात मुलीचे जुने स्नीकर, साडीवर जाड स्वेटर.

कॉफी झाली, निरोप झाले. मग वॉल्टनं ती बंदूक आणून काकांच्या हातात ठेवली. "एक," तो म्हणाला. काका नको म्हणाले. वॉल्ट बटणापाशी जाऊन बसला आणि वाट बघत राहिला. शेवटी मी काकांचं कोपर धरून त्यांना जागेवर नेलं, दिशा दाखवली आणि मागे सरलो. त्यांनी बंदूक खांद्याला लावली, मान जरा तिरकी केली, डोळ्याच्या कडेनं बघत, आणि ओरडले.

चकती सुटली. बंदुकीचं तोंड तिच्या मागोमाग हललं, संथ, न अडखळता, ती वर चढली तसं वर, वळली तसं डावीकडे, खाली आली तसं खाली. बार झालाच नाही. चकती लांब गवतात पडली. काकांनी काडतूस काढून वॉल्टला दिलं.

"बोट गोठलं?" मी हळूच विचारलं.

"नाही रे," काका म्हणाले. "दिसली. कडेनं, पण पूर्ण दिसली. मग मारवेना."

वॉल्टनं सगळ्यांना बंदुका खाली ठेवायला लावल्या, कारण काकू निघाल्या होत्या. साडी एका हातानं वर धरून त्या गवतातून चालत गेल्या. बराच वेळ खाली वाकून शोधत राहिल्या. मग चकती उचलली, पदरानं पुसली, उलटसुलट करून बघितली आणि पर्समध्ये ठेवली.

"ही कुठे गेली?" काकांनी मला विचारलं. त्यांना काकू दिसत नव्हत्या.

"येताहेत," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं त्यांची वाट बघत तिथंच उभे राहिलो.